केसपेपरवरचा अर्धा तास

"पाण्यानं किती वेळ धुतलं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं, आणि मी म्हणाले, "अर्धा तास."

यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागात, स्टुलावर माझी धाकटी जाऊ रेखा बसली होती. उजवा डोळा उघडत नव्हता, आणि दुखण्यानं ती अशी कण्हत होती की माझं उत्तर तिच्या कानावर गेलंच नाही. उजवा गाल, मान आणि कोपरापर्यंतचा हात कुठे लाल, कुठे पांढराफटक पडला होता. मॅडमनी माझं उत्तर केसपेपरवर लिहून घेतलं. अक्षर डॉक्टरी होतं, पण तीसचा आकडा मला वाचता आला. मग त्यांनी दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि खालच्या पापणीच्या आत कागदाची एक बारीक पट्टी टेकवली. पट्टी गडद निळी झाली; खार असला की ती निळी होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्धा तास धुतल्यावर पट्टी इतकी निळी यायला नको," त्या म्हणाल्या.

त्यांनी मशीनमधून डोळा तपासला. मग आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितलं. "हा अल्कली बर्न आहे. म्हणजे खारानं जळालंय. अ‍ॅसिड बरेचदा वरवर जाळून थांबतं, खार थांबत नाही, आत आत जात राहतो. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. तो पांढुरका झालाय. पडद्याच्या कडेला रक्त पोचत नाहीये, त्याला लिंबल इस्केमिया म्हणतात. त्या कडेच्या पेशीच पडदा स्वच्छ ठेवतात. त्या किती जगतात त्यावर नजर अवलंबून आहे. आज मी काहीच सांगू शकत नाही."

रेखानं एकच विचारलं, "मॅडम, शिलाईचं काम करता येईन ना?" मॅडम म्हणाल्या, "आधी धुऊ या."

तो अर्धा तास खोटा होता. अर्धा तास सोडा, कारखान्यात तिच्या डोळ्यात पाण्याचा थेंबही गेला नव्हता. बाकीच्या बाया पाणी घेऊन धावल्या होत्या आणि त्यांना मी थांबवलं होतं. हे मी चार लोकांत सांगायला फार उशीर केला. आता लिहून सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी कारखान्यात असेल, कोणाच्या घरी संडास धुवायचं, मोरी साफ करायचं काहीतरी असेल, आणि माझ्यासारखी एखादी शहाणी तिथं उभी असेल.

मी मंदा, दिग्रसची. दहावी शिकले, म्हणून लिहिताना शाळेतली भाषा येते, तोंडातून मात्र घरचीच निघते. तोंडाची फटकळ आहे, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. रेखा माझ्या धाकट्या दिराची बायको. आमची दोन घरं, अंगण एक. ती मला 'बाई' म्हणते, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती घरी ब्लाउज शिवायची, हात असा साफ की बाजारातल्या टेलरनं शिकावं. दीर ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मीच तिला म्हटलं, "कायले घरी बसून राह्यली वो, चाल माझ्यासंग." मी गावाबाहेरच्या नमकीनच्या कारखान्यात पापड सेक्शनला होते. मीच तिला तिथं लावलं.

कारखान्यात शेव, चिवडा, पापड बनतात. शेवेची कढई म्हणजे घरची कढई नव्हे. दोन माणसं आडवी झोपतील एवढा तो स्टीलचा हौद. आठवड्यातून एकदा त्यातलं तेल काढून तिला पाण्यानं उकळायचं असतं. कडेला तेलाचा जो काळा थर जमतो तो कास्टिक सोड्याशिवाय निघत नाही. कास्टिक पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात येतं, दिसायला साबणाच्या चुऱ्यासारखं गरीब. नियम साधा आहे. आधी थंड पाणी भरायचं, मग मगानं थोडं थोडं कास्टिक सोडायचं, मग खालचा गॅस लावायचा. हे काम करणारा माणूस त्या दिवशी सुट्टीवर होता. कढईतलं तेल नुकतंच काढलेलं, कढई तापलेली, त्यात पाणी भरलं तेही तापलं. सुपरवायझर म्हणाला, "गरम आहे तं बरंच आहे, लवकर निघेल." कोण करतं म्हणून त्यानं विचारलं, तर रेखा उठली. ती कोणत्याही कामाला नाही म्हणायची नाही.

चष्मे होते. खोटं कशाला बोलू, कंपनीनं चार चष्मे आणले होते. हरवतात म्हणून ते ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवले होते.

कास्टिक काढायचा मग जागेवर नव्हता, म्हणून तिनं अर्धी गोणी उचलून थेट ओतली. गरम पाण्यात कास्टिक पडल्याबरोबर भस्सकन पाणी उसळलं आणि तिच्या अंगावर आलं. "माय वो!" एवढंच ओरडली आणि तोंड धरून खाली बसली.

आता माझा पराक्रम ऐका. पापड सेक्शनमध्ये आम्ही दिवसभर पापडखार हाताळतो. हात बुळबुळीत होतात, कातडी निघते. त्यावर आमचा एक उपाय असायचा, निंबूसत. चिवड्याला आंबटपणा यावा म्हणून टाकतात ती पांढरी पूड. तिचं पाणी करून नळाजवळ एक बादली भरलेली असायची. त्यात हात बुडवला की बुळबुळ जाते. खाराला आंबट मारतं, एवढंच आमचं शास्त्र. मला जुन्या बायांनी शिकवलं आणि मी प्रत्येक नवीन बाईला शिकवलं.

दोन पोरी नळाचा पाइप ओढत आल्या. मी जोरात ओरडले, "पाणी नका टाकू! पाण्यानं भडकते ते! आत्ता पाह्यलं नाई का कसं उसळलं?" त्यातली एक म्हणाली, "पण मावशी, तोंड तरी धुऊ द्या." मी म्हटलं, "तुले जास्त समजते का?" तिनं पाइप खाली टाकला. तिथं सगळ्यात जुनी मी होते, माझ्यापुढे कोण बोलणार.

मी निंबूसताचं पाणी मगानं आणलं. रेखाचं डोकं काखेत दाबून धरलं, बोटांनी डोळा उघडला आणि ते आत ओतलं. एक मग, लगेच दुसरा. ती तडफडत होती, मला ढकलत होती. मी म्हणत होते, "थांब वो, मरून राह्यलं ते, थांब." मग स्वच्छ दुपट्टा घेऊन डोळ्यावर आवळून बांधला. खार आत आणि वरून घट्ट पट्टी. ऑटो यायला वेळ लागला. दिग्रसच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास होत आला असेल.

तिथल्या सिस्टरनं दुपट्टा सोडला, मी निंबूसताचं सांगितलं तेव्हा विचारलं, "हे आंबट कशाला लावलं? साध्या पाण्यानं धुवायला काय झालं होतं? नळ नव्हता का?" त्यांनी सलाइनची बाटली ओतली, पण तोवर पापण्या सुजून बंद झाल्या होत्या. लगेच यवतमाळला पाठवलं. सिस्टर ते वाक्य सहज बोलून गेली. त्या क्षणी मला कळलं मी काय केलं ते. म्हणून सांगते, यवतमाळला मॅडमपुढे मी जे बोलले ते गोंधळून नाही बोलले. समजून उमजून खोटं बोलले.

अँब्युलन्समध्ये दारव्ह्याच्या पुढे तिनं विचारलं, "माहा डोया जाईन का, बाई?" मी म्हटलं, "काई जात नाई. मी आहो ना." तिनं माझा हात घट्ट धरला.

यवतमाळला दीड-दोन तास धुणं चाललं. बाटली वर टांगलेली, नळीनं पाणी डोळ्यात पडतंय, दर थोड्या वेळानं पट्टी लावून बघायची. मॅडमनी वरची पापणी उलटी केली, परत आणखी आतून उलटी केली आणि कापसाच्या काडीनं एक पांढरा कण बाहेर काढला. मग दुसरा. काडी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे पापणीखाली बसून जाळत होतं. नीट धुतलं असतं तर हे इथं राहिलं नसतं." तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हटलं, "हो ना, मॅडम," जशी काही चूक त्या कणाची होती.

शेवटी पट्टी पिवळी आली, म्हणजे खार निघाला.

वार्डात आठ दिवस होतो. तासातासाला थेंब. एक थेंब जंतू होऊ नये म्हणून, एक सूज उतरावी म्हणून, एक बाहुली मोठी राहावी आणि दुखणं कमी व्हावं म्हणून, एक नुसता ओलावा. दोन थेंबांत पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर पहिला दुसऱ्यानं वाहून जातो. मी फोनमध्ये गजर लावून बसायचे. मान आणि हात भाजले होते त्यावर चांदीचं मलम लावून पट्टी व्हायची, ती सोडताना रेखा दातात पदर धरायची. आणि रोज व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. मॅडम म्हणाल्या, आतून पडदा भरायला मदत होते. गोळी आंबट होती. तिच्या हातावर ती ठेवताना मला माझा निंबूसताचा मग आठवायचा, आणि मी तोंड दुसरीकडे करायचे.

रोज सकाळी सिस्टर मलम लावलेली काचेची गुळगुळीत काडी पापणी आणि डोळा यांच्यामधून फिरवायची. जळलेली पापणी जळलेल्या डोळ्याला चिकटू पाहते. तसं झालं तर डोळा हलत नाही, म्हणून रोज सोडवत राहायचं. हे बघणं माझ्यानं व्हायचं नाही. पण रेखा म्हणायची, "बाई, तुमी जवळ राहा," म्हणून राहायचे.

शेजारच्या खाटेवर झरी जामणीकडची एक म्हातारी होती, मोतीबिंदूची. पट्टी सुटली त्या दिवशी तिला खिडकीबाहेरच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसली. ती पानं मोजल्यासारखी बोट दाखवत राहिली आणि हसत राहिली. रेखा ऐकत होती. म्हातारी निघताना रेखाच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्यानंतर रेखा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून होती.

आणि ह्या आठ दिवसांत सगळ्यात वाईट गोष्ट झाली ती वेगळीच. भेटायला लोक यायचे. विहारातल्या बायका आल्या, तिच्या माहेरचे आले, दीर हैदराबादकडून ट्रक सोडून आले. प्रत्येकाला रेखा सांगायची, "बाईनं वाचवलं मले. बाकीच्या पोरी तं पाणी टाकून राह्यल्या होत्या. बाई नसत्या तं पूर्ण तोंड गेलं असतं." दिरानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले, पण तोंड उघडलं नाही. विहारातल्या एका आजीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, "जाऊ असावी तं अशी." मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

मॅडम रोज उजेड दाखवून विचारायच्या. "उजेड कळतो का?" "कळते जी." "कोणीकडून येतो?" कधी बरोबर सांगायची, कधी चुकायची. नवव्या दिवशी मॅडमनी नागपूरला पाठवायचं ठरवलं. तिथं अ‍ॅम्निऑटिक मेंब्रेन बसवतात. मॅडमनी समजावून सांगितलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्याभोवती पातळ पिशवी असते, तिचाच हा पापुद्रा. बाळंतिणीच्या मर्जीनं तो घेतात, स्वच्छ करून ठेवतात आणि जळलेल्या डोळ्यावर टाक्यांनी बसवतात. त्याच्याखाली डोळ्याची कातडी भरते, सूज उतरते. रेखानं विचारलं, "कोणाचं बाळ होतं, ते कळते का?" मॅडम म्हणाल्या, "नाही कळत." रेखा म्हणाली, "ठीक राहो बाप्पा, जे असन ते."

यवतमाळचा कागद घेऊन आम्ही नागपूरला गेलो. माझं खोटं त्या कागदावर बसून आमच्याबरोबर आलं होतं, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

नागपूरचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कागद वाचला, डोळा तपासला, परत कागद वाचला. मग मोठ्यानं म्हणाले, "अपघात झाल्याबरोबर अर्धा तास पाण्यानं धुतलं, असं लिहिलंय. तरी इतकं खोल गेलं?"

रेखा म्हणाली, "कवा धुतलं? मले कोणी पाण्यानं नाई धुतलं जी. बाईनं निंबूसत टाकलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत एक शिकाऊ डॉक्टर होती, तीही लिहायची थांबली. मी म्हटलं, "साहेब, तो अर्धा तास मी खोटा सांगितला. पाणी आणलं होतं पोरींनी. मीच थांबवलं. मला वाटलं भडकेल."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कास्टिकच्या ढिगावर थोडं पाणी पडलं की तापतं, हे तुम्ही पाहिलंत ते खरं. पण डोळ्यात गेलं की भरपूर पाणीच लागतं, सतत, उष्णताही त्यानंच वाहून जाते आणि खारही. आंबट टाकून तो मरत नाही, उलट तिथंच गरम होतो, आणि आंबटाचंही भाजतं."

रेखानं विचारलं, "साहेब, पाण्यानं धुतलं असतं तं माहा डोया राह्यला असता का?"

"सांगता येत नाही. पण पहिली दहा मिनिटं सगळ्यात मोलाची असतात. बराच फरक पडला असता."

तिनं मान वळवली नाही, रडली नाही. तिचा हात माझ्या हातात होता, तो तिनं काढून घेतला.

पापुद्रा बसवला. दोन आठवड्यांनी तो विरघळला, पुन्हा एकदा बसवला. नागपूरला तिच्याबरोबर मग तिची मोठी बहीण राहिली. मी दिग्रसला परत आले. अंगण तेच, पण मला माझ्याच घरात चोरासारखं वाटायचं. दिरानं एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं, सगळं, एकदम. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून बाहेर गेले.

रेखा घरी आली तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी साय धरली होती आणि तिच्यात लाल बारीक रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. डावा डोळा शाबूत होता. लोक म्हणायचे, एक तर आहे ना. एका डोळ्यानं काय होतं ते मी रोज बघत होते. ती चहा ओतायची तो कपाच्या बाहेर पडायचा, कारण अंतर कळत नव्हतं. सुईत दोरा जात नव्हता. तिची मुलगी समीक्षा, सहावीतली, आईला दोरा ओवून द्यायची आणि थेंबही तीच टाकायची. मी औषध घेऊन गेले तर रेखा म्हणायची, "समीक्षा येते शाळेतून." एवढंच. दीड महिना ती माझ्याशी ह्यापेक्षा जास्त बोलली नाही.

एका दुपारी ती मशीनपुढे बसली होती आणि शिवण वाकडी गेली. उसवली, पुन्हा वाकडी गेली. मी अंगणातून पाहत होते. म्हटलं, "राहू दे ना वो, आराम कर." बस. तिनं कापड फेकलं.

"मले आराम शिकवू नका. डोया गेला तं गेला. घाबरते माणूस, चुकते माणूस, तेवढं समजते मले. पण मी सगळ्या वार्डाले सांगत बसली, बाईनं वाचवलं, बाईनं वाचवलं. माह्या मायले सांगतलं. नवऱ्याले तुमच्या पाया पडाले लावलं. आन तुमी तिथंच बसून ऐकून राह्यल्या होत्या! एकदा तरी म्हणावं ना, नाई वो रेखा, तसं नाई. काहून नाई बोल्ल्या?"

भीती होती म्हणावं तर भीती होतीच, पण खरं सांगू? ते ऐकायला मला बरंही वाटत होतं. थोडा वेळ का होईना, मीच तिला वाचवलं असं मला वाटून घ्यायचं होतं. हे मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "जा आता." मी घरी येऊन चुलीपाशी बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी मी परत कामावर गेले. पहिलं काम, ती निंबूसताची बादली उचलून गटारात ओतली. एका बाईनं विचारलं, "मंदाबाई, काहून फेकता?" मी सगळ्या सेक्शनपुढे उभं राहून सांगितलं काय झालं ते, माझ्या नावानिशी. ज्या पोरीला मी 'तुले जास्त समजते का' म्हटलं होतं, तिच्यापुढे हात जोडले. ती पोरगीच रडायला लागली. मग सुपरवायझरकडे गेले. कपाटाचं कुलूप काढा, कढईजवळ नळ बसवा, त्याला पाइप कायमचा लावून ठेवा. तो म्हणाला, वरती बोलतो. मी रोज विचारलं, बोलले का. पंधरा दिवस रोज. त्याला माझं तोंड बघायचा कंटाळा आला, तेव्हा नळ बसला. चष्मे आता कढईशेजारी खिळ्याला टांगलेले असतात.

तुम्हाला म्हणून सांगते. कास्टिक असो, चुना असो, संडासाचं अ‍ॅसिड असो, डोळ्यात गेलं की पाणी. नळाचं, पिंपातलं, बिसलेरीचं, जे हाताशी असेल ते स्वच्छ पाणी. बोटांनी पापण्या उघड्या धरून, डोळा इकडेतिकडे फिरवायला लावून, घड्याळ लावून निदान अर्धा तास. माणूस ओरडेल, ओरडू द्या. लिंबू नको, ताक नको, हळद नको, तूप नको, वर पट्टी बांधू नका. अंगावर पडलं तर कपडे काढून अंग धुवा, लाज नंतर. मग दवाखाना, आणि वाटेतही पाणी चालू. आणि डॉक्टरनं विचारलं काय केलं, तर जे केलं तेच सांगा. डॉक्टर तुमच्या सांगण्यावर पुढचं ठरवतात. माझ्या नशिबानं मॅडमनी माझ्या शब्दापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवला, नाहीतर ते कण आतच राहिले असते.

रेखा घरी आल्यावर तीन महिन्यांनी यवतमाळची तारीख आली. दीर ट्रकवर, समीक्षाची परीक्षा, रेखाच्या बहिणीकडे लग्न. रेखा अंगणात येऊन म्हणाली, "उद्या यवतमाळले जावं लागते." मी म्हटलं, "येतो." बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि यवतमाळ येईपर्यंत बाहेर पाहत होती.

मॅडम त्याच होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हटलं, "मॅडम, पहिल्या दिवशी मी अर्धा तास सांगितला होता, तो खोटा होता. पाणी टाकलंच नव्हतं." त्यांनी जुना कागद शोधून काढला. त्या आकड्यावर आडवी रेघ मारली, बाजूला काहीतरी लिहिलं आणि सही केली. म्हणाल्या, "शंका होतीच. बरं केलं सांगितलं."

मग रेखाचा डावा डोळा झाकून तपासणी. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसलं नाही. मॅडम जवळ येऊन बोटं दाखवू लागल्या. "किती?" "नाई दिसून राह्यलं." एका हाताच्या अंतरावर आल्या. तरी नाही. मग त्यांनी तिच्या डोळ्यापुढे नुसता हात हलवला.

"काय दिसतं?"

"काही तरी हालते."

"कोणीकडे?"

"इकडे… आता तिकडे."

मॅडमनी ते लिहिलं. हॅन्ड मूव्हमेंट म्हणतात त्याला, हाताची हालचाल तेवढी कळणं. त्या म्हणाल्या, "वर्षभरानं सूज पूर्ण शमली तर चांगल्या डोळ्याच्या कडेच्या पेशी थोड्या घेऊन ह्या डोळ्यावर लावता येतात. स्टेम सेल म्हणतात. पण त्याचा भरवसा मी देणार नाही. आज आहे ते एवढंच आहे." रेखानं मान हलवली. बाहेर येऊन बाकावर बसली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. उजव्या डोळ्यातून पाणी येत नव्हतं, डाव्यातूनच येत होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिनं घेतली.

स्टँडवर दिग्रसची बस लागायची होती. गर्दी होती. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"बाई, माफ केलं असं मी म्हणत नाई. कधी म्हणीन का, तेही माहीत नाई."

मी म्हटलं, "हो वो."

"पण पुढच्या तारखेले तुमीच चाला."

बस लागली. लोक दाराकडे धावले. तिला ज्या बाजूनं दिसत नाही त्या उजव्या बाजूला मी झाले, आणि आम्ही दोघी चढलो.